तोंडापुढचा पुठ्ठा

पारसभाऊ बोलताना तोंडापुढे पुठ्ठा धरायचे. कापडाचा तागा ज्याच्यावर गुंडाळलेला असतो तो लांब पुठ्ठा मधोमध कापून त्यांनी केला होता आणि तो सदा त्यांच्या हाताशी असे. समोर कान तपासायला मूल बसलेलं असेल तर ते ठीकच, त्यानं ओठ बघून ओळखू नये. पण सवय अशी अंगवळणी पडली होती की चहावाल्याला दोन कट चहा सांगतानासुद्धा पुठ्ठा वर जायचा. पुठ्ठा नसला तर हाताला लागेल ते. त्यांच्या घरात पुतणीच्या लग्नाचा एक फोटो भिंतीवर आहे. त्यात सगळं घर दात दाखवून हसतंय आणि पारसभाऊंच्या नाकाखाली लग्नपत्रिका आहे. फोटोग्राफरला काहीतरी सांगत होते म्हणे.

सातपुड्याच्या पायथ्याशी तळोद्यात त्यांच्या मोठ्या भावाचं कापडाचं दुकान. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर, पण आता बाजारात अहिराणी अशी बोलतात की आमच्या रनाळ्याच्या अस्सल अहिराणी माणसानं वळून बघावं. धाकट्या पारसभाऊंनी मुंबईला जाऊन कान तपासायचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन दुकानामागच्या गोदामात आपली खोली मांडली. तिथेच का, तर चारही भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे लावलेले. "मॅडम, आवाज गिळायला कापडासारखं दुसरं काही नाही," ते म्हणायचे. मोठ्या शहरात त्यासाठी खास खोल्या बांधतात, हे त्यांना माहीत होतं. शंका आली तर ते धुळ्याला मोठ्या दवाखान्यात पाठवत. पण सातपुड्यातून जीपच्या टपावर बसून आलेली बाई धुळ्याला जाणार कधी, आणि तिचं मूल तोवर बोलणार कधी, असा त्यांचा सवाल होता.

मी रनाळ्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. माझी रेवा चार वर्षांची व्हायला आली तरी तिचं बोलणं साफ नव्हतं. बोलायची भरपूर, पण सगळं गुळगुळीत, नुसत्या स्वरांचं. "मन्ही माय शे", म्हणजे माझी आई आहे, असं म्हणायचं तर ती "मन्ही माय ए" म्हणे. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, त्याचं भारी कौतुक. येईल-जाईल त्याच्यासमोर तिला बोलायला लावत. "तिना बाप पाच वरीसना व्हयना तवय धड बोलना," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. आमच्या अंगणवाडीच्या ताईंनीच एकदा मला बाजूला घेतलं आणि पारसभाऊंचं नाव सांगितलं. मला रागच आला होता. शिक्षिकेच्या मुलीत कुणी खोट काढावी, हे सोसायची मला सवय नव्हती.

तरी शेवटी रेवाला घेऊन मी तळोद्याला गेले. आम्ही गोदामात जाऊन बसलो तेव्हा पारसभाऊंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि नजर थेट रेवाकडे. पुठ्ठा बाजूला ठेवून, तिला तोंड दिसेल असं त्यांनी विचारलं, "तुन्हं नाक कोठे शे?" रेवानं लगेच नाकावर बोट ठेवलं. "तुन्हा कान?" तोही दाखवला. मी मनातल्या मनात फुशारले. मग पुठ्ठा वर गेला. त्याच आवाजात, पुठ्ठ्याआडून, "तुन्हं पोट कोठे शे?" रेवा गोड हसली आणि तिनं पुन्हा नाकावर बोट ठेवलं. "तुन्हा पाय?" पुन्हा नाक. पारसभाऊंनी उठून दुकानाकडच्या दारावर लाल कापडाचा एक तुकडा लटकवला.

त्या लाल कापडाची गोष्ट सांगितल्याशिवाय पारसभाऊ पुरते कळायचे नाहीत. ते दारावर लागलं की पुढं दुकानात मोठे भाऊ गिऱ्हाइकाला भाव सांगता सांगता अर्ध्यात थांबायचे. ओट्यावरचा शिंपी मशीनच्या पायडलवरून पाय काढायचा. शेजारचा भांड्यांवर नावं घालणारा हातोडी खाली ठेवायचा. गल्लीत मोटारसायकल आली तर कुणीतरी हात करून ती बंद करायला लावायचं आणि गाडीवाला निमूट ढकलत पुढं न्यायचा. हे त्यांनी कुणाला हुकूम करून नव्हतं घडवलं. सुरुवातीच्या दिवसांत स्वतः प्रत्येकाच्या दारात जाऊन, पुठ्ठ्याआडून विनवलं होतं, "एक पोर ऐकी ऱ्हायनं, दहा मिनिटं." त्या दिवशी मी दाराच्या फटीतून पाहिलं, तर धडगावकडची एक बाई हिरवं लुगडं छातीशी धरून, श्वासही न घेता उभी होती. माझ्या मुलीसाठी. तिला माझी मुलगी कोण हेही ठाऊक नव्हतं.

तपासणी म्हणजे रेवाच्या दृष्टीनं खेळच होता. कानांवर हेडफोन, पुढ्यात शर्टाच्या बटणांची वाटी आणि एक रिकामा डबा. आवाज आला की एक बटण डब्यात टाकायचं. जाड आवाजाला, म्हशीच्या हंबरण्यासारख्या, बटणं टपाटप पडली. मग आवाज बारीक होत गेले आणि रेवा बटण हातात धरून बसून राहिली. तिच्या मागे बसून मला मशीनवरचा, आवाज सोडला की हलणारा काटा दिसत होता. तिच्या खांद्याला हात लावून "टाक, टाक" सांगायला माझा हात दोनदा उचलला गेला. दुसऱ्यांदा पारसभाऊंनी न बघताच सांगितलं, "मॅडम, परीक्षा तुमची नाहीये."

कागद तयार झाला. आडव्या रेघांवर एका कानाचे गोल आणि दुसऱ्याच्या फुल्या, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेल्या. डावीकडं, जाड आवाजाला, आकडा तीस; उजवीकडं, बारीक आवाजाला, ऐंशी. आता मी पडले शिक्षिका. पंधरा वर्षं गुणपत्रकं भरणारा हात. ऐंशी म्हटल्यावर मला आधी बरंच वाटलं. त्यांनी समजावलं की हा आकडा जितका मोठा तितकं वाईट, कारण तेवढा मोठा आवाज केल्यावर कुठं तिला पहिल्यांदा ऐकू येतं. हे कळल्यावर मी दुसरा घोळ घातला, तो पहिल्यापेक्षा मोठा. मी पर्समधून पेन काढलं, सगळे आकडे एकाखाली एक मांडले, बेरीज केली, भागलं आणि म्हणाले, "म्हणजे सरासरी पन्नासच्या आसपास येते. काठावर का होईना, पास आहे की."

पारसभाऊ हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि आपल्या खिशात ठेवलं. "इथं पास-नापास नसतं मॅडम. आणि कानाची सरासरी काढत नाहीत. एक पाय चुलीत, एक पाय बर्फात, आणि सरासरीनं माणूस मजेत, असं म्हणाल का तुम्ही?"

मग त्यांनी भिंतीवर एक मांजरपाटाचं कापड सोडलं. त्यावर तसाच तक्ता मोठा करून काढलेला होता, पण आकड्यांच्या जागी चित्रं. वरच्या बाजूला अगदी हळू आवाज, पानांची सळसळ. खाली मोठे: ट्रॅक्टर, विसरवाडीच्या फाट्यावरच्या ट्रकचा हॉर्न. डावीकडं जाड, म्हैस आणि ढोल. उजवीकडं बारीक, चिमणी आणि बांगड्या. मधोमध पिवळ्या दोऱ्यानं केळ्याचा आकार शिवला होता आणि त्यात अक्षरं. माणसाचं बोलणं एवढ्या जागेत मावतं, हे मला तेव्हा कळलं. डाव्या टोकाला म, न, आणि उ, ओ हे स्वर. मधे आ, र, ल. उजव्या टोकाला आणि वरच्या अंगाला क, च, श, स, फ, थ. पारसभाऊंनी शिंप्याच्या खडूनं त्यावर रेवाची रेघ ओढली आणि एक काळं कापड घेऊन रेघेच्या वरचं सगळं झाकून टाकलं. केळ्याचा उजवीकडचा निम्मा भाग नाहीसा झाला. उरले आ, ओ, म, न.

"हे तिचं जग," ते म्हणाले. "हाक मारली तर येणार, कारण हाकेत स्वर असतात. ढोलावर नाचणार. म्हणून तुम्हाला वाटतं ऐकू येतं. ऐकू येतं का, हे विचारूच नका. काय ऐकू येतं, ते विचारा. 'शे' मधला 'श' तिनं कधी ऐकलाच नाही. न ऐकलेलं कुणी बोलेल कसं?"

मी त्या काळ्या कापडाकडं बघत राहिले. मला रडू आलं नाही, संताप आला. आणि माणूस समोर असतो त्याच्यावरच तो निघतो. मी म्हणाले, "तुमची ही गोदामातली तपासणी मी कशी खरी मानू?" त्यांनी शांतपणे धुळ्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. मग टेबलावरच्या काचेखालचा एक पिवळा पडलेला कागद बोटानं दाखवला. तसेच गोल, तशाच फुल्या, तशीच उतरती रेघ. खाली त्यांच्याच अक्षरात एक शब्द होता: ठीक.

"माझ्या पहिल्या वर्षातला आहे. वरच्या पाड्यावरची पोर होती. मी सरासरी काढली आणि ठीक लिहिलं. चार वर्षांनी आई परत घेऊन आली. शाळेतून काढून गुरं राखायला लावली होती तिला. मंद आहे म्हणाले सगळे." मग म्हणाले, "पोराच्या कानात भाषा भरायची तर सुरुवातीचीच वर्षं हातात असतात. ती मी खाल्ली तिची." एवढं बोलताना पुठ्ठा मात्र खाली टेबलावर होता.

धुळ्याचा अहवालही तोच आला. पण घरी वेगळंच रण पेटलं. "कानले मशीन लाव्हं तर लोक काय म्हनतीन? मोठी व्हयनी का लगीन कोन करी तिन्हासंगे?" आक्का म्हणाल्या. रेवाचे बाबा गप्प. आणि खरं सांगायचं तर मीही गप्प. दिवसा शाळेत मुलांना धीट व्हा म्हणून सांगायची आणि घरी आल्यावर तो कागद कपाटात साड्यांखाली सरकवायची. आधी दिवाळी होऊ दे, मग परीक्षा होऊ देत, असं करत तीन महिने गेले. तळोद्याहून दोनदा फोन आला, तो मी उचलला नाही.

तिसऱ्यांदा फोन आला नाही, माणूसच आला. एका रविवारी दुपारी दारात पारसभाऊ उभे. कडक इस्त्रीला दोन एसट्यांच्या प्रवासानं चुण्या पडलेल्या, काखेत गुंडाळलेला मांजरपाट, हातात पुठ्ठा. घरातलं सगळं त्यांनी अंगणवाडीच्या ताईंकडून काढलं होतं. मला म्हणाले, "तुमच्याशी काम नाही. आक्का कुठंयत?"

आक्कांनी पाणी दिलं, चहा टाकला. पाहुण्याचा मान ठेवायचा म्हणून बोलल्या गोड, पण हटल्या नाहीत. "भाऊ, मन्ही नातले सगळं ऐकू येस. हाक मारी का पयत येस."

"येत असेल ना आक्का," पारसभाऊ म्हणाले. मांजरपाट त्यांनी सोडलाच नाही, केळ्याचं नाव काढलं नाही, आकडा सांगितला नाही. नुसता पुठ्ठा आक्कांच्या हातात दिला. "हाई तोंडपुढे धरा नि तिले काहीबी सांगा. रोज सांगतस तेच. मोठ्यानं सांगा."

आक्का हसल्या. रेवा ओसरीवर बाहुलीला न्हाऊ घालत होती, तिला त्यांनी हाक मारून जवळ बोलावलं. मग पुठ्ठा तोंडापुढे धरून म्हणाल्या, "जाय, तुन्ही चप्पल लई ये." रेवा उभीच. "रेवा, चप्पल लई ये, मन्ही माय." रेवाच्या कपाळाला आठी पडली. तिनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग ती पुढं गेली, आक्कांच्या मांडीवर एक गुडघा टेकवून वर चढली आणि दोन्ही हातांनी तो पुठ्ठा धरून खाली ओढला. आणि आजीच्या तोंडाकडं बघत वाट पाहत राहिली.

आक्कांच्या हातातून पुठ्ठा निसटला. तीन-साडेतीन वर्षं ही पोर आपलं तोंड का न्याहाळते, लाडानं हनुवटी धरून आपल्याकडे का वळवते, हे त्या एका क्षणात त्यांना उमगलं असावं. "बाई माय," त्या एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मग माझ्याकडं वळून तोफ डागली: "तू मास्तरीन शे ना? तीन महिना काय करी ऱ्हायंती?"

दुसऱ्याच आठवड्यात रेवाला मशीन लागलं. पहिले काही दिवस ते ओढून काढायची, रडायची. मग एका सकाळी मी चहा करत असताना शेगडीकडं बोट दाखवून उभी राहिली. मला कळेना. तिनं दात जुळवून हळूच हवा सोडली: "स्स्स". गॅसचा आवाज होता तो. माझ्या घरात तो रोज होता आणि मी कधी ऐकला नव्हता. मी फोन लावला तर पारसभाऊ म्हणाले, "एक काळं कापड सरकलं. अजून बरीच आहेत. रोज बोला तिच्याशी, पाठीमागून बोला, आणि मला फोन करून वेळ घालवू नका."

असाच होता त्यांचा स्वभाव. कौतुक करायला जावं तर तोडून बोलायचे. मशीन घरी विसरून आलेल्या आईबापांना दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर झापायचे आणि मग त्याच पोराला खिशातून लिमलेटची गोळी काढून द्यायचे. रेवाला तर आठ वर्षं त्यांनी छळलं. दर भेटीला पुठ्ठ्याआडून शब्द, तिनं ते परत म्हणायचे, एक चुकला तर सगळे पुन्हा. ती दहाची झाली तेव्हा एकदा चिडून म्हणाली, "पारसकाका, तुमच्या घरी कुणी तुमच्याशी तोंड दाखवून बोलतं का?" पारसभाऊ इतके हसले की पुठ्ठा खाली पडला. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा पूर्ण पाहिलं ते तेव्हा. पुढचे दोन दात किंचित पुढं होते.

गेल्या वर्षी त्यांना घशाचा आजार निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज मात्र गेला तो गेलाच. आम्ही भेटायला गेलो तेव्हा दुकानाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी पलंगावर होते. गळ्याला पट्टी, मांडीवर वही आणि पेन. अंगातला शर्ट अजून इस्त्रीचा. मला बघून त्यांनी वहीत लिहिलं, "आता मीच तक्त्याच्या बाहेर." मोठे भाऊ उगाच उशी नीट करत राहिले.

रेवा पलंगाजवळ जाऊन उभी राहिली. बारा वर्षांची, दोन वेण्या, कानामागं निळी मशीनं. पारसभाऊंना तिला काहीतरी सांगावंसं वाटलं असावं, कारण त्यांचे ओठ हलू लागले आणि त्याबरोबर हातातली वही आपोआप वर गेली, तोंडापुढं. आवाज नाही, काही नाही, तरी सवय सुटत नव्हती. मोठ्या भावांनी मान फिरवली.

रेवानं हात पुढं केला आणि ती वही हळूच खाली ओढली. अगदी तशीच, आजीच्या मांडीवर चढून ओढली होती तशी. आणि त्यांच्या तोंडाकडं बघत थांबली. त्यांचे ओठ पुन्हा हलले. मला काहीच उमगलं नाही, मोठ्या भावांनाही नाही. रेवाचे डोळे भरून आले आणि त्यातच तिला हसू फुटलं. तिनं आपला तळवा पोटावर ठेवला.

तेव्हा मला कळलं त्यांनी काय विचारलं ते. आठ वर्षांपूर्वी पुठ्ठ्याआडून विचारलेला, नाकावर बोट ठेवून चुकलेला तो प्रश्न ते तिला परत विचारत होते.

पारसभाऊंनी वही उघडली. माझ्या पोरीला आयुष्यात एकदाही मार्क न देणाऱ्या त्या माणसानं वहीचं एक अख्खं पान घेऊन त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "पास", आणि पान फाडून रेवाच्या हातात दिलं.

आजार उलटला आणि पुढच्याच महिन्यात ते गेले. त्या दिवशी आम्ही तळोद्याला पोचलो तेव्हा दुकानाच्या दारावर मोठ्या भावांनी लाल कापड लावलेलं होतं. शिंप्याचं मशीन बंद होतं आणि गल्लीत एक गाडीवाला मोटारसायकल ढकलत नेत होता. ते पान रेवानं घरी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.